सात नंबरचं पिंप आणि चिलटांचा निकाल

आदरणीय विहीणबाई,

तुम्हाला एक नमस्कार आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा, असे दोन नमस्कार या पत्रासोबत पाठवते आहे. गुडघा आता जिना चढू देतो का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की तो पायऱ्या मोजतो आणि आठवीला संपावर जातो. त्याला म्हणावं, आठ तर आठ, पण रोज. तुमची सून, म्हणजे माझी लेक, मजेत आहे. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, तिच्याहून मजेत आहेत, आणि ते का, हेच सांगायला मी बसले आहे. पत्र लांबणार आहे. चष्मा पुसून घ्या, आणि गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी बंद करून या.

विषय तुम्हाला आवडणारा नाही, हे मला ठाऊक आहे. जावईबापूंनी पाणीपुरवठा खात्यातली पंपांची चांगली नोकरी सोडली, खिळ्यांच्या जुन्या कारखान्याची शेड घेतली आणि तिथे बिअर बनवायला लागले, त्या दिवसापासून तुम्ही त्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. दर रविवारी तुम्ही मायलेक फोनवर चार मिनिटं हवेबद्दल बोलता. (घड्याळ मी लावलेलं नाही, लेकीने लावलं होतं.) आईने मुलाशी हवेबद्दल बोलावं इतकी वेळ यावी, याचं मला वाईट वाटायचं, पण खरं सांगते, मनातून मी तुमच्याच बाजूची होते. ज्या माणसाच्या हातात अख्ख्या गावाचं पाणी होतं, त्याने उठून सातू भिजवत बसावं म्हणजे काय!

मग मी तिथे गेले कशी? तर नाकामुळे. तुम्हाला माहीतच आहे, मी एकतीस वर्षं व्हिनेगरच्या कारखान्यात चव-खोलीत होते. काम एवढंच: टाकीतलं व्हिनेगर हुंगायचं, जिभेवर घ्यायचं, थुंकायचं, लिहायचं. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही खराब टाकी बाहेर गेली नाही, आणि खराब टाकी बाहेर न जाणं ही अशी गोष्ट आहे की ती कोणाच्या लक्षातच येत नाही. निरोप समारंभात मॅनेजरांनी माझ्यावर दहा मिनिटं फार सुंदर भाषण केलं. फक्त मी पॅकिंग खात्यात होते असं समजून केलं. मी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मात्र नाकाला काही काम राहीना. मी पडदे हुंगायला लागले. कपाटं हुंगायला लागले. एक दिवस शेजारच्यांचा फ्रिज बिघडला आहे हे मी भिंतीपलीकडून सांगितलं (त्यांचं दूध नासायला लागलं होतं, त्यांना संध्याकाळी कळलं, मला सकाळीच), तेव्हा लेक म्हणाली, “आई, तू उद्या माझ्याबरोबर शेडमध्ये चल. तिथे हुंगायला पुष्कळ आहे. इथे राहिलीस तर लोक भांडायला येतील.”

पहिले दोन-तीन महिने मी नुसती स्टुलावर बसून असे. मद्याला उभ्या जन्मात तोंड लावलं नव्हतं आणि लावायचा विचारही नव्हता. पण शेडच्या मागच्या खोलीत बारा पिंपं आडवी झोपवलेली होती आणि त्या खोलीचा वास मला सोडेना. आता हे जरा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बार्लीवाईन नावाचा एक प्रकार आहे. नाव वाईन, पण जात बिअर. नेहमीच्या बिअरला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट सातू घालून ती करतात, त्यामुळे रंगाला जुन्या शिसवी कपाटासारखी, अंगाने दाट आणि ताकदीने वाईनच्या बरोबरीची. आणि बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की. ती मुरवायला आतून जाळून काळी केलेली ओकची नवी पिंपं लागतात, आणि एकदा वापरलेलं पिंप ते लोक पुन्हा घेत नाहीत, विकून टाकतात. जावईबापूंनी अशी बारा पिंपं आणली आणि त्यांत बार्लीवाईन भरून ठेवली. लाकडात मुरलेली व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते, बिअर लाकडात शिरते, आणि वर्षभराने दोघींत कोण कुठली हे सांगता येत नाही. (एकाच स्वयंपाकघरात वर्षभर कोंडलेल्या सासू-सुनांसारखं. तुमचं-आमचं सोडून बोलते आहे.) चौदा महिने हा माणूस रोज सकाळी येऊन एकेका पिंपावर हात ठेवून जायचा. ताप बघतात ना, तसा.

तर चौदा महिने झाल्यावर निवडीचा दिवस ठरला. बारा पिंपं चाखायची आणि एका मोठ्या टाकीत मिसळायची. त्यातूनच स्पर्धेला बाटली जाणार आणि वर्षभराचा मालही तोच. म्हणजे चुकलं तर सगळंच चुकणार. त्यासाठी त्यांनी एक मोठे तज्ज्ञ बोलावले होते. हे गृहस्थ प्रत्येक घोटानंतर डोळे मिटून लांब सुस्कारा सोडत, म्हणून मी त्यांचं नाव मनातल्या मनात सुस्कारेबुवा ठेवलं. वेताची विरळ विणीची हॅट, गळ्यात रुमाल, हातात चामडी वही. माणूस वाईट नाही हो. पण बोलायला लागला की आपण सरबराई कमी केली की काय असं वाटायला लागे.

टेबलापाशी चार खुर्च्या होत्या: सुस्कारेबुवा, जावईबापू, लेक, आणि चौथे, म्हणजे जावईबापूंचे पाणी खात्यातले मित्र, पंप दुरुस्तीत अडकले म्हणून मी. मी नको-नको म्हणत होते, लेक म्हणाली, “आई, तू काही बोलू नकोस, फक्त खुर्ची भर.” समोर बारा छोटे ग्लास, प्रत्येकात दोन चमचे. ग्लास थंडगार नव्हते. ही बिअर गार केली तर मुकी होते, तिला खोलीइतपत ऊब लागते, म्हणजे ती बोलते. मी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि विहीणबाई, काय सांगू! करपवलेली साखर, खजूर, मनुका, सुकं खोबरं, आणि या सगळ्यांच्या मागे नुकतं रंधा मारलेलं लाकूड. एकतीस वर्षं ज्या नाकाने फक्त आंबट ओळखलं, त्याला कोणीतरी पंगतीला बसवल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि मग जे झालं ते सवयीने झालं. चव-खोलीत माझं थुंकायचं भांडं नेहमी डाव्या हाताला असायचं. न बघता मान डावीकडे वळली आणि मी एकतीस वर्षांच्या सफाईने थुंकले. डाव्या हाताला सुस्कारेबुवांची हॅट उलटी ठेवलेली होती.

नेम चुकला असता तर बरं झालं असतं. पण तो माझा कधी चुकत नाही. वेताची वीण विरळ, तिच्याखाली त्यांची वही; पहिल्या तीन पानांवर बार्लीवाईनचा नकाशा उमटला. लेक टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती, जावईबापू छताकडे बघत होते. मी म्हटलं, “माफ करा, व्हिनेगरमध्ये असं करतात.” सुस्कारेबुवांनी सुस्कारा सोडला (हा पहिला, ज्याचं कारण मला कळलं) आणि फार शांतपणे समजावलं की बिअर चाखताना थुंकत नाहीत, कडूपणा घशाशी कळतो, तेव्हा गिळावं लागतं. आता तज्ज्ञांनी सांगितल्यावर मी काय करणार? गिळायला लागले. दोन-दोन चमचे, पण ताकद वाईनची. तिसऱ्या ग्लासाला कान गरम झाले. पाचव्याला मी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या. सहाव्याला सुस्कारेबुवांना मी “अरे बाळा” म्हणाले असं लेक सांगते. मला आठवत नाही, पण ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, म्हणजे म्हटलं असलं तरी चुकलं काय?

मग आला सातवा. सुस्कारेबुवांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि इतका लांब सुस्कारा सोडला की मला वाटलं, आता हे उठून जाणार. म्हणाले, “हा! हा या सगळ्यांचा प्राण आहे. काय गुंता आहे चवीचा! बाकीची अकरा याच्याभोवती बांधायची.” जावईबापूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मीही ग्लास नाकाशी नेला. आणि विहीणबाई, माझी सगळी झिंग एका क्षणात उतरली. खजुराच्या मागे, खोबऱ्याच्या मागे, अगदी तळाशी, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा एक बारीक टोकदार वास होता. त्याला मी ओळखते. सुरुवातीला तो असाच गोड चेहऱ्याने येतो, लोकांना आवडतोसुद्धा. व्हिनेगरचा तो आगाऊ निरोप्या आहे. पिंपाची कुठलीतरी फळी सुटली असणार, आत हवा जात असणार, आणि हवेबरोबर आमच्या कारखान्यातली ती सगळी सूक्ष्म मंडळी. महिनाभराने ते पिंप आंबणार होतं, आणि आज ते टाकीत मिसळलं तर बाकीच्या अकरांना घेऊन आंबणार होतं.

मी सांगितलं. मला फक्त खुर्ची भरायला बसवलं आहे हे विसरून सांगितलं. सुस्कारेबुवा हसले. म्हणाले, “बाई, तुम्ही जन्मभर व्हिनेगर हुंगलंत, तुम्हाला सगळीकडे तेच येणार.” आणि खरं सांगते, त्यांच्या बोलण्यात मलाही तथ्य वाटलं. पडदे हुंगणारी बाई मी. हॅटमध्ये थुंकलेली. अनवाणी बसलेली. माझ्या शब्दावर कोणी चौदा महिने का पणाला लावावे? एक क्षण वाटलं, गप्प बसावं. कारखान्याने नाही का मला पॅकिंगमध्ये घालून टाकलं, तेव्हाही मी टाळ्याच वाजवल्या होत्या. पण तेवढ्यात सुस्कारेबुवांनी खूण केली, कामगाराने सात नंबरला नळी लावली, पंप घरघरला, आणि मी उठले. धावले म्हणणं बरोबर नाही, कारण जमीन जरा तिरकी वाटत होती, पण पोचले. आणि नळीवर बसले. (रबरी नळी होती, जाड, बसायला वाईट नव्हती. तुम्हाला माझं वजन ठाऊक आहे. पंपाचा आवाजच बदलला.)

आता बघा, या घटकेला सगळं तुमच्या मुलावर आलं. एका बाजूला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला नळीवर बसलेली सासू. लेकसुद्धा म्हणत होती, “आई, ऊठ ना, प्लीज.” जावईबापू कसे आहेत तुम्हाला मी सांगायला नको; हॉटेलात चुकीचा पदार्थ आला तरी निमूट खाऊन येणारा माणूस. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि एवढंच म्हणाले, “आई, नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” ते उठले, पंपापाशी गेले आणि बटण बंद केलं. सुस्कारेबुवा म्हणाले, “तुम्ही फार मोठी चूक करताय.” त्यावर जावईबापू म्हणाले, “असेल. पण पाणी खात्यात मी एकच शिकलोय, शंका असली की आधी झडप बंद करायची.” आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, “माझी आई इथे असती ना, तर तिने नळीवर बसण्यात वेळ घालवला नसता. कापूनच टाकली असती.” हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं जपून आणलं आहे. त्यात एक अक्षर माझं नाही.

वाद मिटवायला मी कारखान्यातली जुनी युक्ती काढली. बारा ग्लासांत नवे घोट ओतायला लावले, आकडे ग्लासांच्या बुडाला चिकटवले, ग्लास लेकीकडून उलटसुलट क्रमाने खिडकीत मांडून घेतले आणि खिडकी उघडी टाकली. म्हटलं, आता जेवून घेऊ. सुस्कारेबुवांनी विचारलं, परीक्षक कोण? मी म्हटलं, येतील. तासाभराने आम्ही परत आलो. अकरा ग्लासांत कुठे एक चिलट, कुठे दोन, कुठे कोणीच नाही. आणि डावीकडून चौथ्या ग्लासात, विहीणबाई, मेळावा भरला होता! काठावर रांग, वर घिरट्या, आत पोहणारे वेगळे. चिलटांना आंबटाचा वास माझ्याआधी कळतो; त्यांच्यापुढे मी नवशिकी. सुस्कारेबुवांनी स्वतः ग्लास उचलला, बुडाचा आकडा वाचला, आणि “सात” एवढंच म्हणाले. सुस्कारासुद्धा नाही. मग जावईबापूंनी बॅटरी घेऊन सात नंबरच्या पिंपामागे अंग घातलं, तर मागच्या बाजूला वरच्या दोन फळ्यांच्या सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट आणि तिच्याखाली सुकलेला ओघळ. त्या दिवशी उरलेल्या अकरांतून कोणतं किती घ्यायचं हे त्यांनी मला विचारलं. तीन आणि नऊ भरपूर, अकरा जपून, कारण त्यात लाकूड फार बोलत होतं, पाच नंबर थोडं, मनुकांसाठी. सुस्कारेबुवा मी सांगेन ते नव्या वहीत लिहून घेत होते. सात नंबर आम्ही शेडपासून लांब, पलीकडच्या खोलीत नेलं आणि निम्मं पाणी घालून मी त्याचं रीतसर व्हिनेगर करायला ठेवलं आहे. त्याचा जो काही सूर लागतो आहे तो एकतीस वर्षांत माझ्या नाकाने ऐकला नव्हता, पण तो एका वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आणि आता मुख्य. परवा शनिवारी स्पर्धेचा निकाल होता. लाकडी पिंपात मुरवलेल्या बिअरच्या गटात त्रेचाळीस बाटल्या. मोठं सभागृह, मागे खुर्च्या कमी, आम्ही भिंतीला टेकून. तिसरा क्रमांक पुकारला, आम्ही नाही. दुसरा पुकारला, आम्ही नाही. जावईबापू म्हणाले, “चला, गर्दी व्हायच्या आत निघू,” आणि पिशवी खांद्याला लावली. ते दारापर्यंत पोचले होते तेव्हा पहिला क्रमांक पुकारला गेला, आणि लेक अशी ओरडली की पुढच्या रांगेतला एकजण खुर्चीसकट सरकला. तुमचा मुलगा पिशवी खांद्याला तशीच ठेवून स्टेजवर गेला. पदक गळ्यात पडलं तेही पिशवीच्या पट्ट्यावरून. निवेदकाने विचारलं, मिश्रण कोणाचं? त्यांनी माइक हातात घेतला, आणि जो माणूस हॉटेलात वेटरशी बोलत नाही, तो सहाशे लोकांसमोर म्हणाला, “माझ्या सासूबाईंचं. एकतीस वर्षं त्या चव-खोलीत होत्या.” चव-खोलीत, विहीणबाई! पॅकिंगमध्ये नाही! मी वर कशी गेले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पहिल्या रांगेत नवी हॅट घातलेला एक माणूस सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवत होता, आणि मला बघताच त्याने हॅट काढून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली.

त्याच संध्याकाळी जावईबापूंनी मला रीतसर कागद दिला: मुख्य मिश्रणकार, आठवड्यातून चार दिवस. मी सही केली. साठाव्या वर्षी नोकरी लागली हो मला! घरी येताना ते गाडीत एकदाच बोलले. म्हणाले, “आईला कळवायला हवं होतं.” मी म्हटलं, मी कळवते, तर म्हणाले, “नको, तिला आवडणार नाही.” म्हणून मी कळवते आहे. तुम्ही ती बिअर प्यावी असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही ज्याला वाढवलंत त्याने तज्ज्ञाच्या तोंडावर पंप बंद केला, हे त्याच्यात कुठून आलं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यालाही.

गुडघ्याला जपा. मोठ्यांना माझे नमस्कार, लहानांचे गालगुच्चे तुम्हीच घ्या, माझा हात तिथवर पोचत नाही.

तुमची,
पदकवाली विहीण

ता. क. हे पत्र वाचून झालं की कपाटात ठेवू नका, फाडा. कारण पुढच्या ओळीत कळेल.

ता. क. दुसरा. आमच्या ह्यांना यातलं काहीही माहीत नाही. निवृत्त मुख्याध्यापक, आणि घरात खोकल्याच्या औषधावरसुद्धा त्यात किती टक्के काय आहे ते मोठ्याने वाचणारा माणूस. मी शेडमध्ये जाते ती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं शुद्धलेखन तपासायला, असं त्यांना सांगितलं आहे. त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी स्वतःची लाल पेन्सिल काढून दिली. त्याच पेन्सिलीने मी पिंपांना गुण देते. सहाशे लोकांसमोर मला काही वाटलं नाही, विहीणबाई, पण यांच्यासमोर तोंड उघडेना. लग्नात मांडवात तुम्ही त्यांना एका वाक्यात गप्प बसवलं होतंत; तेव्हापासून ते तुम्हाला मानतात. तेव्हा हे सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठी, की तुम्ही या आणि त्यांना सांगा. मी त्या वेळी बाजारात असेन.

ता. क. तिसरा. लवकर या. काल त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी चष्मा लावून वाचली. म्हणाले, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि मग विचारलं, “पण त्यात तुझं नाव का आहे?”